चूक एका उत्तरपत्रिकेची, प्रश्न सगळ्या गठ्ठ्याचा

निकाल लागले की आठवड्या-पंधरवड्यात नाशिकच्या कॉलेज रोडवरील झेरॉक्सच्या दुकानांत उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती छापून घेणारी मुले दिसू लागतात. कोणी लाल शाईतले आकडे पानापानावर बोट ठेवून पुन्हा जोडत असतो, कोणी पुरवणीवरचा प्रश्न तपासलाच गेलेला नाही हे मित्राला दाखवत असतो, तर कोणाची आई पुनर्मूल्यांकनाचे शुल्क आजच भरावे लागेल का, हे दुकानदारालाच विचारत असते. याच दिवसांत प्राध्यापकांच्या खोलीत आणि पालकांच्या बैठकांत तोच वाद पुन्हा उभा राहतो. एका बाजूचे म्हणणे असे, की हल्लीच्या विद्यार्थ्यांना अपयश पचत नाही, चार गुणांसाठी ते अर्ज टाकून विद्यापीठाला वेठीस धरतात; ही सवलत जितकी आखडती घ्यावी तितके बरे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की तपासणी म्हणजे सगळा सावळागोंधळ आहे, परीक्षक पाने न वाचताच गुण देतात, तेव्हा मागेल त्याची उत्तरपत्रिका पुन्हा तपासा आणि वाढलेले गुण देऊन टाका. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, आणि दोघींच्याही लेखी पुनर्मूल्यांकन म्हणजे गुण वाढवून घेण्याचे दार. भांडण ते दार किती उघडे ठेवायचे एवढ्यापुरतेच.

माझ्या मते वादाची ही मांडणीच चुकलेली आहे. निकालाविरुद्ध दाद मागण्याच्या व्यवस्थेची पारख किती जणांचे गुण वाढले यावरून होऊ शकत नाही. तपासणीतील चूक तिने शोधली का, ती चूक ज्यांना ज्यांना भोवली त्या सगळ्यांपर्यंत दुरुस्ती पोहोचली का, आणि जिथे चूक नव्हती तिथे विद्यार्थ्याला त्याचे कारण लेखी कळले का, हे पाहिले पाहिजे. आपल्याकडे पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्धेमुर्धे मिळते. उरलेले दोन प्रश्न सहसा कोणी विचारतही नाही. नाशिककरांनी या विषयावर बोलावे याला कारण आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ या दोन राज्यव्यापी विद्यापीठांची मुख्यालये इथे आहेत, आणि जिल्ह्यातील कितीतरी महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. नोकरी सांभाळून पदवी घेणारा, डॉक्टर होऊ पाहणारा आणि सुरगाण्याहून एसटीने येऊन बी.ए. करणारा, असे तिन्ही विद्यार्थी या शहराच्या ओळखीचे आहेत. मी पुढे जे लिहितो आहे ते मात्र कोणा एका विद्यापीठाला उद्देशून नाही. ही रीत देशभरात थोड्याफार फरकाने सारखीच आहे.

रीत अशी. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का आणि एखादा प्रश्न तपासायचा राहिला आहे का, एवढेच पाहतात. छायाप्रत घेतली की उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. पुनर्मूल्यांकनात दुसरा परीक्षक ती नव्याने तपासतो. प्रत्येकाचे शुल्क वेगळे, मुदत वेगळी, आणि अनेकांच्या वाट्याला शेवटी ‘बदल नाही’ हे दोनच शब्द येतात. या रचनेत तीन अगदी वेगळ्या तक्रारी एकाच पोत्यात भरल्या जातात. बेरीज चुकली किंवा पान तपासायचे राहिले, ही एक. परीक्षकाने नमुना उत्तर सोडून गुण दिले किंवा प्रश्नच चुकीचा होता, ही दुसरी. आणि परीक्षकाने उत्तर वाचले, समजून घेतले, पण त्याला ते माझ्याइतके चांगले वाटले नाही, ही तिसरी. सातबाऱ्याचा व्यवहार केलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते, की नावात काना-मात्रा चुकणे आणि हक्काचा वाद या दोन गोष्टी एका अर्जात बसत नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ आहे आणि अपिलासाठी कलम २४७ वेगळे आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार निकालपत्रातील लेखनाची किंवा आकडेमोडीची चूक न्यायालय केव्हाही, अगदी स्वतःहूनही, दुरुस्त करू शकते. तेवढ्यासाठी पक्षकाराला अपिलात जावे लागत नाही. तलाठ्याच्या दप्तरात आणि दिवाणी न्यायालयात जो विवेक शंभर वर्षे नांदतो आहे, तो विद्यापीठाच्या परीक्षा विभागात का नसावा? बेरीज विद्यापीठाने चुकवायची आणि ती दुरुस्त करण्यासाठी शुल्क विद्यार्थ्याने भरायचे, याला न्याय कसे म्हणावे?

मी स्वतः पंचवीसहून अधिक वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, आणि पहिल्या प्रकारची चूक कशी घडते हे मला ऐकीव माहितीवरून सांगावे लागत नाही. मे महिन्यातली दुपार होती. मूल्यमापन केंद्रावर चाळीस उत्तरपत्रिकांचा गठ्ठा संध्याकाळपर्यंत परत करायचा होता. त्यातल्या एका विद्यार्थ्याने पुरवणी बांधताना दोरा इतका आवळला होता, की तिचे पहिले पान मुख्य उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानाला चिकटून आत दुमडले गेले होते. पाचवा प्रश्न संपूर्णपणे त्या दुमडलेल्या पानावर होता. मला तो दिसला नाही. पहिल्या पानावरील गुणांच्या तक्त्यात पाचव्या प्रश्नाच्या रकान्यात मी आडवी रेघ मारली आणि पुढची उत्तरपत्रिका उचलली. परीक्षकाच्या कामावर नजर टाकणाऱ्या मॉडरेटरनेही बेरीज पाहिली. बेरीज बरोबरच होती. काही महिन्यांनी परीक्षा विभागाचे खुलासा मागणारे पत्र आले आणि सोबत त्या पानाची प्रत. माझ्या हातची ती रेघ मी लगेच ओळखली. मुलाला शंभरपैकी ३६ गुण मिळाले होते, उत्तीर्ण व्हायला ४० हवे होते, आणि राहिलेल्या उत्तराला कोणीही सहज आठ-नऊ गुण दिले असते. दुरुस्ती झाली, पण तोवर एम.ए.च्या प्रवेशाची मुदत टळून गेली होती आणि पुन्हा परीक्षेला बसण्याचे शुल्कही त्याने भरून टाकले होते. खुलासा देताना मी लेखी विनंती केली, की त्या दिवशी माझ्याकडे असलेल्या गठ्ठ्यातील उरलेल्या एकोणचाळीस उत्तरपत्रिकाही पुन्हा पाहाव्यात. अर्ज आलेला नसताना उत्तरपत्रिका उघडण्याची नियमात तरतूद नाही, असे उत्तर आले.

या उत्तराने मला त्या रेघेपेक्षा जास्त अस्वस्थ केले आणि माझ्या म्हणण्याचा गाभाही तोच आहे. तपासणीतील चूक क्वचितच एकटी असते. थकलेला परीक्षक एकाच उत्तरपत्रिकेपुरता थकत नाही. नमुना उत्तरात चुकीचे साल छापले गेले असेल, तर ते बरोबर लिहिणारा प्रत्येक विद्यार्थी गुण गमावतो. तरीही आपल्या व्यवस्थेत दुरुस्ती ज्याने अर्ज केला आणि शुल्क भरले त्याच्यापुरतीच होते. शेजारच्या बाकावरचा, तीच चूक भोगणारा, पण अर्जाला पैसे नसलेला किंवा ‘आपलेच चुकले असेल’ म्हणून गप्प बसलेला विद्यार्थी नापास तो नापासच राहतो. अभ्यासिकांत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना यापेक्षा बरा न्याय ओळखीचा आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोग वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकेची पहिली उत्तरतालिका जाहीर करतो, हरकती मागवतो आणि त्या तपासून अंतिम उत्तरतालिका लावतो. एका उमेदवाराच्या हरकतीने प्रश्न रद्द झाला, तर त्याचा परिणाम सगळ्यांच्या गुणांवर होतो. कानपूर विद्यापीठाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सांगितले होते, की उत्तरतालिका उघडउघड चुकीची असेल तर त्याची शिक्षा विद्यार्थ्याला देता येणार नाही, आणि निकालासोबत ती प्रसिद्ध व्हावी. तेलंगणात २०१९ मध्ये इंटरमिजिएटच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, निकालात असा घोळ झाला, की ९९ गुण मिळवलेल्या एका मुलीच्या नावापुढे शून्य लागले. निकालानंतर अनेक मुलांनी जीव दिले आणि राज्य हादरले, तेव्हा कुठे अनुत्तीर्ण झालेल्या तीन लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका विनाशुल्क पडताळण्याचा निर्णय झाला. म्हणजे अर्जाची वाट न पाहता पडताळणी करता येते. ती करण्यासाठी इतकी किंमत मोजली जाण्याची गरज होती का?

आता विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घेतो. दुसरा परीक्षक पहिल्यापेक्षा अधिक बरोबर असतो असे मानायला आधार काय? खरोखरच फारसा आधार नाही. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि भारतीय शिक्षणावरील १९२९ च्या अहवालामुळे आपल्याकडे परिचित असलेले फिलिप हार्टोग यांनी १९३५ मध्ये ई. सी. ऱ्होड्स यांच्यासह इंग्लंडमधील परीक्षांची एक पाहणी प्रसिद्ध केली. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनी तपासल्या आणि वर्ष-दीड वर्षानंतर त्याच उत्तरपत्रिका त्यांच्याकडूनच पुन्हा तपासून घेण्यात आल्या. २१० निर्णयांपैकी ९२ ठिकाणी त्याच परीक्षकाने त्याच उत्तरपत्रिकेला वेगळा दर्जा दिला. माणूस स्वतःशीच जिथे सहमत होत नाही, तिथे दुसऱ्याशी काय होणार? हे मी मान्य करतो, आणि म्हणूनच ‘मागेल त्याची पुन्हा तपासा’ ही मागणी मला पटत नाही. मतातील फरकावर दुसरे मत चढवले, तर न्याय न होता सोडत निघते, आणि ज्याला दोनदा तिकीट काढणे परवडते त्याचीच सोडत लागण्याची शक्यता वाढते.

पण याच पुराव्याचा दुसरा अर्थ व्यवस्था आखडती घेऊ पाहणारे सोयीस्करपणे विसरतात. गुण इतके अस्थिर असतील, तर त्यांना अंतिम आणि अभेद्य मानण्याचा हट्ट कोणत्या बळावर? यातून निघणारी वाट इंग्लंडमध्ये शालेय परीक्षांच्या नियामकाने २०१६ मध्ये धरली. फेरतपासणी करणाऱ्याने आपले मत जुन्या मतावर लादायचे नाही; कोणत्याही जाणत्या परीक्षकाने केली नसती अशी चूक आधीच्या तपासणीत झाली आहे का, एवढे पाहायचे, आणि तसे असेल तरच गुण बदलायचे. आपल्याकडे अनेक विद्यापीठे याऐवजी टक्केवारीचा उंबरठा लावतात: फरक अमुक टक्क्यांहून अधिक असेल तरच बदल ग्राह्य. हा उंबरठा मला अगदी उलटा वाटतो. न तपासलेल्या तीन गुणांच्या उत्तराची चूक लहान असली तरी निश्चित असते. दोन परीक्षकांतील बारा गुणांचा फरक मोठा असला तरी कदाचित नुसता मतभेद असतो. आकडा किती बदलला याऐवजी तो का बदलला, हे विचारणे भाग पडेल असा नियम हवा. आणि ‘का’ विचारायचे तर नमुना उत्तर व गुणविभागणी निकालासोबत जाहीर व्हायला हवी, फेरतपासणीच्या निर्णयाखाली दोन ओळींचे कारण हवे. राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्ये म्हटले होते, की विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांचीच असेल. पाऊण शतक उलटले तरी परीक्षक विद्यार्थ्याला कारण सांगत नाही.

कायद्याचा आधार घेणारेही काही म्हणतात आणि त्यातही तथ्य आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या परीक्षांसंबंधी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नियमच पुनर्मूल्यांकनाला मनाई करत असेल तर तो हक्क म्हणून मागता येत नाही. लाखो उत्तरपत्रिका पुन्हा उघडल्या तर निकाल कधी अंतिमच होणार नाहीत. ही काळजी खोटी नव्हती. मात्र २०११ मध्ये त्याच न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात ठरवले, की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि माहितीच्या अधिकाराखाली ती पाहण्याचा व तिची प्रत मिळवण्याचा हक्क परीक्षार्थीला आहे. परीक्षकाचे नाव झाकून ठेवायचे, उत्तरपत्रिका नव्हे. सगळे कोलमडेल असे तेव्हाही सांगितले गेले होते. छायाप्रत आता रुळलेली आहे आणि परीक्षा चालूच आहेत. डिसेंबर २०१७ मधील उत्तर प्रदेशातील शिक्षक भरतीच्या निकालपत्रात न्यायालयाने न्यायाधीशांना उत्तरपत्रिका तपासायला बसू नका असे बजावले, आणि ते योग्यच होते. पण न्यायालयाने हात आवरता घेतला याचा अर्थ विद्यापीठानेही घ्यावा असा होत नाही. उलट न्यायालय आत येणार नसेल तर घरातला न्याय अधिक चोख हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी विद्यार्थी तक्रार निवारण समित्या आणि त्यांच्यावरील अपील ऐकणारे लोकपाल दिले. परंतु विशिष्ट अनियमितता किंवा भेदभाव दाखवल्याशिवाय लोकपालाकडे पुनर्मूल्यांकनाचा अर्ज चालत नाही. ही मर्यादाही वाजवी आहे. मात्र ज्याला फक्त ‘बदल नाही’ एवढेच कळवले आहे, त्या विद्यार्थ्याने अनियमितता दाखवायची कशाच्या आधारे?

सहकारी प्राध्यापकांचा राग मला समजतो, कारण तो माझाही होता. एका उत्तरपत्रिकेमागे मिळणारे मानधन तुटपुंजे, पदे वर्षानुवर्षे रिक्त, तासिका तत्त्वावरील तरुणांच्या डोक्यावर गठ्ठ्यांचे ओझे, आणि वर खुलाशाची पत्रे. पण आपल्या निर्णयावर अपील होणे हा अपमान कधीपासून झाला? न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आपल्या निफाडात १८४२ मध्ये जन्मले, १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्याच तुकडीत पदवीधर झाले आणि पुढे नाशिकलाही दुय्यम न्यायाधीश होते. त्यांच्या निवाड्यांवर वरच्या न्यायालयात अपील होऊ शकत होते, तरीही त्यांची प्रतिष्ठा त्यामुळे उणावली नाही, कारण निवाड्यासोबत कारणे लिहिलेली असत आणि ती वाचून कोणालाही पारखता येत. कारण न देणारा अधिकारच संशयाला बळी पडतो. जो परीक्षक नीट तपासतो, त्याचे रक्षण दोन ओळींच्या कारणाने जितके होईल तितके गुप्ततेने होणार नाही.

‘हे सगळे संगणकावर टाका’ म्हणणाऱ्यांना २०१७ सालच्या मुंबई विद्यापीठाची आठवण करून द्यावी लागते. पूर्वतयारीशिवाय पडद्यावरील तपासणी लादली गेली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले. शांतपणे राबवली तर याच पद्धतीत एखादे पान न उघडता पुढे जाणे अशक्य करता येते आणि बेरीज यंत्रच करते. माझ्या हातून झालेली चूक तिने नक्की थांबवली असती. नमुना उत्तर चुकले असेल तर मात्र यंत्र ते अधिक वेगाने चुकीचे लावेल, एवढेच.

राहिले शुल्क आणि वेळ. माहितीच्या अधिकारात अर्जाला १० रुपये आणि प्रतिपान २ रुपये पडतात. विद्यापीठाच्या छायाप्रतीचे शुल्क त्याहून बरेच जास्त असते. मुलांनी स्वस्त वाट धरली तर उत्तर यायला तीस दिवस लागू शकतात, आणि तोवर पुनर्मूल्यांकनाची मुदत संपते. मुदत छायाप्रत हाती पडल्यापासून मोजली तर हा पेच सुटतो. फेरतपासणीत ज्याची श्रेणी बदलली त्याचे शुल्क परत करण्याची रीत इंग्लंडच्या परीक्षा मंडळांत आहे. आपल्याकडे ती आणायला कोणत्या आयोगाची वाट पाहायची?

सुरगाणा तालुक्यातील माझ्या एका विद्यार्थिनीला अर्थशास्त्राच्या एका पेपरात कमी गुण मिळाले. तिने शेतमजूर वडिलांकडून पैसे मागून छायाप्रत घेतली, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला, आणि ‘बदल नाही’ हे उत्तर घेऊन पुढच्या सत्रात पुन्हा त्याच पेपरला बसली. पुन्हा गुण कमी पडल्यावर ती दोन्ही छायाप्रती घेऊन माझ्याकडे आली. दोन्ही वेळा प्रश्नात हरितक्रांतीची कारणे विचारली होती. पहिल्या वेळी तिने परिणाम लिहिले होते, सुवाच्य अक्षरात, चार पाने भरून. दुसऱ्या वेळीही तिने परिणामच लिहिले होते, आणखी सविस्तर, पुरवणी जोडून.